अठरा रविवार, पहिला सोमवार आणि एक अमावास्या

पवनारच्या वर्षभरातल्या महत्त्वाच्या तारखांची यादी संगणकावर मांडायला घेतली, की एक्सेल पहिल्याच ओळीत अडतं. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. ही तारीख सेलमध्ये टाका. एक्सेल ती ठेवून घेतं, पण तारीख म्हणून नाही, नुसती अक्षरं म्हणून. ती सेलच्या डाव्या कडेला चिकटून राहते, तिच्यात दिवस मिळवता येत नाहीत, आणि त्या दिवशी वार कोणता होता असं विचारलं तर उत्तराऐवजी चुकीची खूण येते. तिच्याखाली विनोबांच्या निधनाची तारीख, १५ नोव्हेंबर १९८२, टाका. ती मुकाट्याने उजव्या कडेला जाते आणि वार विचारला तर ‘सोमवार’ सांगते. पवनारला धाम नदीकाठच्या आपल्या बंगल्यात १९३८ साली विनोबांना राहायला बोलावणारे जमनालाल बजाज १८८९ चे. गांधीजी १८६९ चे. सगळ्यांची तीच गत. एक्सेलच्या लेखी वर्धा जिल्ह्याच्या या थोर माणसांना जन्मतारीखच नाही.

याचं कारण समजलं की या प्रकरणातलं निम्मं काम झालं. एक्सेलला तारीख कळतच नाही, त्याला फक्त दिवसांची मोजणी कळते. १ जानेवारी १९०० हा त्याचा पहिला दिवस. तिथून पुढे प्रत्येक दिवसाला एकेक क्रमांक. १५ नोव्हेंबर १९८२ हा ३०२७० वा. आपल्याला दिसतं ते ‘१५-११-१९८२’ हे त्या आकड्याला वरून दिलेलं रूप, म्हणजे फॉरमॅट. सेलचा फॉरमॅट ‘जनरल’ केला की आतला ३०२७० उघडा पडतो. १९०० च्या आधी क्रमांकच नाहीत, म्हणून १८९५ साल त्याला परकं. गूगल शीट्स आणि लिब्रे ऑफिसचं कॅल्क हे दोघे शून्याच्या मागे उणे आकड्यांत जातात, त्यामुळे तिथे विनोबांची जन्मतारीख बिनतक्रार बसते.

कुठून तरी मोजायला सुरुवात करायची ही पद्धत पवनारला नवी नाही. इतिहासकार वा. वि. मिराशींनी वाकाटक राजांची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असं मांडलं. नंतर मनसरचं नावही पुढे आलं आणि तो वाद अभ्यासकांनी भरपूर घातला. या प्रवरपुराहून वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाने दिलेला चम्मकचा ताम्रपट प्रसिद्ध आहे. त्यावरचा काळ असा: राज्याचं अठरावं वर्ष, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. अठरावं कुठपासून? राजा गादीवर बसल्यापासून. राजा कधी गादीवर बसला हे ठाऊक नसेल तर ‘अठरा’ला काही अर्थ नाही, आणि म्हणूनच इतिहासकारांचं आयुष्य अशा आकड्यांच्या मागे जातं. एक्सेलचा ३०२७० हाही तसाच आकडा आहे. जुन्या मॅक संगणकांवरच्या एक्सेलमध्ये मोजणी १९०४ पासून व्हायची. तशी फाइल आजच्या शीटमध्ये चिकटवली तर सगळ्या तारखा १४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षं आणि एका दिवसाने सरकतात. कुणाच्या शीटमध्ये नेमका एवढाच फरक दिसला तर दोष टंकणाऱ्याचा धरू नका, मूळ दिवस वेगळा आहे.

जाता जाता: एक्सेलच्या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आहे, जो प्रत्यक्षात कधी उगवलाच नाही. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. लोटस १-२-३ या आधीच्या लोकप्रिय प्रोग्रॅममध्ये ही चूक होती. त्यातल्या फाइली एक्सेलमध्ये नीट उघडाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती जाणूनबुजून उचलली, आणि ती आजतागायत तिथेच आहे. १ मार्च १९०० नंतरच्या तारखांना तिचा काही उपद्रव नाही.

आता तारीख टाकण्याकडे वळू. इथला घोटाळा मूळ दिवसाच्या घोटाळ्याहून मोठा, कारण तो दिसत नाही. समजा, तुमच्या संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची आहे. नवा संगणक घेतल्यावर ती बदलायचं पुष्कळांच्या गावीही नसतं. तुम्ही पवनारच्या सहा तारखा टंकता: १२/२, गांधीजींची रक्षा १९४८ साली धाम नदीत विसर्जित झाली तो दिवस, १८/४, पोचमपल्लीला भूदान सुरू झालं तो, ११/९, विनोबांची जयंती, २/१०, गांधी जयंती, १७/१०, ज्या दिवशी १९४० साली विनोबांनी पहिले सत्याग्रही म्हणून पवनारहून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला, आणि १५/११, पुण्यतिथी. अमेरिकी मांडणी महिना आधी वाचते. त्यामुळे १८, १७ आणि १५ या क्रमांकाचे महिनेच नसल्याने त्या तीन तारखा अक्षरं म्हणून डावीकडे पडून राहतात. हे बरं, निदान कळतं तरी. उरलेल्या तीन मात्र चुपचाप उलट्या होतात: १२ फेब्रुवारीची २ डिसेंबर, विनोबा जयंतीची ९ नोव्हेंबर, गांधी जयंतीची १० फेब्रुवारी. शीट दिसायला स्वच्छ, आणि कार्यक्रम कित्येक महिने इकडेतिकडे.

म्हणून माझा सल्ला असा, की टाकताना महिना अक्षरांत टाका (११ सप्टेंबर हे इंग्रजी कळांनी तीन अक्षरी महिन्यासकट), आणि पाहताना फॉरमॅटमध्ये वारही मागा. कंट्रोल आणि १ दाबलं की ‘फॉरमॅट सेल्स’ची खिडकी उघडते. तिच्या ‘कस्टम’मध्ये डी हे अक्षर दिवसाचं, एम महिन्याचं, वाय वर्षाचं. एक डी म्हणजे ५, दोन डी म्हणजे ०५, तीन डी म्हणजे वाराचं लघुरूप, चार डी म्हणजे पूर्ण वार. एमचंही तसंच: तीन एम म्हणजे महिन्याचं लघुरूप, चार म्हणजे पूर्ण नाव. त्याच खिडकीत ‘डेट’ निवडून लोकेल ‘मराठी’ केलं की महिने आणि वार मराठीत दिसू लागतात. एवढं करूनही सेलमध्ये नुसते हॅश दिसले तर घाबरू नका. बहुतेक वेळा कॉलम अरुंद असतो, रेघ ओढून रुंद करा.

चुकून अक्षरं बनलेल्या तारखा ‘डेटा’ मेनूतल्या ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ने सुधारतात. तिथे शेवटच्या पायरीवर ‘डेट’ निवडून क्रम ‘डीएमवाय’ सांगायचा. उलट्या झालेल्या तारखांना मात्र हा उपाय लागू नाही, कारण एक्सेलच्या मते त्या बरोबरच आहेत. त्या हुडकून पुन्हा टाकाव्या लागतात. वर्ष नेहमी चार आकडी लिहा. दोन आकडी वर्षाचं शतक ठरवायचा अधिकार संगणकाला देण्यात शहाणपणा नाही. २०३० साली संपणारा भाडेकरार ‘३०’ म्हणून टाकला आणि संगणकाने तो १९३० चा धरला, तर करार केव्हाच संपलेला दिसेल.

आता खरा विषय, पुन्हा पुन्हा येणाऱ्या तारखा. सगळ्यात सोपी जात म्हणजे ठरावीक अंतराने येणाऱ्या. याला विनोबांच्याच चरित्रातलं उदाहरण आहे, आणि इतकं नेमकं उदाहरण शोधूनही सापडणार नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली; साने गुरुजींनी ती टिपून घेतली आणि त्यांचं ‘गीता प्रवचने’ झालं. अठरा अध्याय, अठरा रविवार. पहिला २१ फेब्रुवारी १९३२. अठरावा कोणत्या तारखेला?

ए२ मध्ये पहिली तारीख टाका, ए३ मध्ये २८ फेब्रुवारी. दोन्ही सेल मिळून निवडा. निवडीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक चौकोनी ठिपका दिसतो, तो माउसने धरून खाली ओढा. एक्सेल दोन तारखांमधलं अंतर मोजतं, सात, आणि तेच पुढे चालवतं. अठरावी तारीख १९ जून १९३२ येईल, आणि इतिहासातली तारीखही तीच आहे. वाटेत ते २९ फेब्रुवारी आपोआप ओलांडतं, कारण त्याच्यासाठी महिने नाहीतच, ११७४० पासून सात-सातने वाढणारे आकडे आहेत. हाताने मोजणारा मात्र १९३२ हे लीप वर्ष विसरला, तर तिसऱ्याच प्रवचनाला सोमवारी जाऊन बसेल.

एकच तारीख टाकून ठिपका ओढला तर एक्सेल एकेका दिवसाने वाढवतं, कारण दुसरा काही पुरावा तुम्ही दिलेलाच नसतो. कंट्रोल दाबून ओढलं तर तीच तारीख खालपर्यंत नक्कल होते. माउसचं उजवं बटण धरून ओढलं आणि सोडलं की एक छोटी यादी उघडते: दिवस, कामाचे दिवस, महिने, वर्षं, हवं ते निवडा. ही यादी फार थोड्यांना ठाऊक असते, आणि ती कळली की बरेचसे फॉर्म्युले लागतच नाहीत.

तरी मला फॉर्म्युला अधिक आवडतो. (इथे फॉर्म्युल्यांची नावं देवनागरीत दिली आहेत, संगणकावर ती अर्थात इंग्रजी कळांनीच टंकायची.) ए३ मध्ये ‘=ए२+७’ लिहून तोच खाली ओढला, तर पुढे कधी पहिली तारीख बदलली की सगळी यादी आपोआप सरकते. ठिपक्याने भरलेली यादी मात्र जिथल्या तिथे गोठलेली असते. नव्या एक्सेलमध्ये आणि गूगल शीट्समध्ये एकाच सेलमध्ये ‘=सिक्वेन्स(१८,१,ए२,७)’ लिहिलं तरी अठराही रविवार एकदम उतरतात. पहिल्यांदा ते ११७४०, ११७४७ असे उतरतील आणि वाटेल काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, फॉरमॅट तारखेचा करायचा राहिलेला असतो.

याचीच एक पोटजात म्हणजे प्रत्येक तारीख दोनदा हवी असणं. सकाळ-संध्याकाळ दुधाची नोंद ठेवणाऱ्याला रोज दोन ओळी लागतात. ए२ आणि ए३ मध्ये एकच तारीख टाका, ए४ मध्ये ‘=ए२+१’ लिहा आणि खाली ओढा. प्रत्येक सेल आपल्या दोन घरं वरच्या सेलकडे बघून एक मिळवतो, त्यामुळे जोड्या आपोआप लागत जातात. तीनदा हवी असेल तर पहिल्या तीन ओळींत तीच तारीख, आणि चौथीत ‘=ए२+१’.

दुसरी जात महिन्याच्या किंवा वर्षाच्या ठरलेल्या तारखेची. इथे अंतर सारखं नसतं, आणि इथेच बेरीज फसवते. पुण्यतिथीची १५ नोव्हेंबर १९८२ ही तारीख घेऊन दर ओळीला ३६५ मिळवत गेलं, तर १९८३ साल बरोबर येतं, १९८४ ला १४ नोव्हेंबर येतो आणि २०२२ पर्यंत पोचेपर्यंत पुण्यतिथी ५ नोव्हेंबरवर घसरलेली असते; मधली दहा लीप वर्षं दहा दिवस खाऊन गेली. यासाठी ‘ईडेट’ हे फंक्शन आहे. त्याला तारीख द्या आणि किती महिने पुढे ते सांगा, वर्षासाठी १२. ते दिवस मोजत बसत नाही, कॅलेंडर बघतं.

पण ईडेटलाही एक खोड आहे, आणि बचत गटाच्या हप्त्याचं वेळापत्रक करणाऱ्याने ती माहीत करून घ्यावी. हप्ता महिनाअखेरीचा, पहिली तारीख ३१ जानेवारी २०२५. खालच्या ओळीत ‘वरच्यापासून एक महिना पुढे’ असं लिहिलं तर २८ फेब्रुवारी येते. बरोबर. तोच फॉर्म्युला आणखी खाली ओढा: २८ मार्च, २८ एप्रिल, आणि मग २८ कायमची. फेब्रुवारीने एकदा कापलेले तीन दिवस पुढच्या एकाही ओळीला परत मिळत नाहीत, कारण प्रत्येक ओळ फक्त आपल्या वरच्या ओळीला ओळखते. कानगोष्टींच्या खेळासारखं आहे हे: एकाने चुकीचं ऐकलं की पुढच्या सगळ्यांचं चुकतं.

उपाय साधा आहे. प्रत्येक ओळीने थेट पहिल्या तारखेला विचारावं. शेजारच्या बी कॉलममध्ये ०, १, २, ३ असे महिने लिहा, आणि सी कॉलममध्ये ‘=ईडेट($ए$२,बी२)’. डॉलरच्या खुणांमुळे ए२ जागचा हलत नाही. आता फेब्रुवारीत २८ आली तरी मार्चमध्ये पुन्हा ३१ येते. जिथे ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ असाच नियम आहे तिथे ‘ईओमंथ’ वापरा, त्याला महिना तिशीचा की एकतिशीचा हे पक्कं ठाऊक असतं. लीप वर्षातही हाच फरक दिसतो. महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयांचा पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० ला सुरू झाला. वरच्या ओळीला बारा महिने जोडत गेलं तर २०२४ मध्ये त्याचा वर्धापनदिन २८ फेब्रुवारीला येतो. पहिल्या तारखेपासून ४८ महिने मोजले तर २९ ला. शीटमधल्या सगळ्या पुनरावृत्तीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी हीच सांगेन: मोजणी मुळापासून करा, शेजाऱ्यापासून नको.

तिसरी जात सरकारी कामाची. जिल्हास्तरीय लोकशाही दिन दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. बँका १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. इथे अंतर ठरलेलं नाही, तारीखही ठरलेली नाही. ठरला आहे तो वार आणि त्याचा क्रम. ठिपका ओढून हे कधीच जमत नाही. दोन पहिले सोमवार टाकून ओढले, तर एक्सेल त्यांच्यातलं २८ किंवा ३५ दिवसांचं अंतर धरतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात भलत्याच सोमवारी नेऊन सोडतं. वार बरोबर असल्यामुळे चूक लवकर लक्षातही येत नाही.

‘वीकडे’ हे फंक्शन रविवारला १, सोमवारला २, असं करत शनिवारला ७ म्हणतं. ए२ मध्ये महिन्याची १ तारीख असेल, तर पहिला सोमवार असा निघतो: ‘=ए२+मॉड(२-वीकडे(ए२),७)’. १ तारखेपासून सोमवार किती पुढे आहे तेवढे दिवस मिळवायचे, एवढाच याचा अर्थ. मॉड हे सातने भागून उरलेली बाकी देतं. नोव्हेंबर २०२५ ची १ तारीख शनिवारी होती, म्हणजे वीकडे ७. दोनातून सात गेले उणे पाच, सातच्या हिशोबात ती दोन. १ + २ = ३ नोव्हेंबर, सोमवार. २ च्या जागी ७ घातलं की पहिला शनिवार मिळतो. त्यात ७ मिळवले की दुसरा, २१ मिळवले की चौथा.

पहिला सोमवार सुट्टीचा निघाला तर? २०२३ साली हे दोनदा झालं: १ मे, महाराष्ट्र दिन, आणि २ ऑक्टोबर, गांधी जयंती. दोन्ही सोमवार, दोन्ही महिन्यातले पहिले. अशा वेळी पुढचा कामाचा दिवस धरायचा. त्यासाठी सुट्ट्यांची यादी वेगळ्या कॉलममध्ये लिहून तिला ‘सुट्ट्या’ असं नाव द्या, आणि पहिला सोमवार बी२ मध्ये असेल तर ‘=वर्कडे(बी२-१,१,सुट्ट्या)’ लिहा. आदल्या दिवसापासून एक कामाचा दिवस पुढे जा, असं ते सांगतं. सोमवार कामाचा असेल तर तोच येतो, नसेल तर मंगळवार. वर्कडे शनिवार-रविवार दोन्ही सुट्टीचे धरतं, तेव्हा राज्य सरकारच्या कार्यालयांना ते चपखल बसतं. बँकेच्या कामाला नाही. तिथे पहिला, तिसरा आणि असलाच तर पाचवा शनिवार कामाचा, म्हणून ‘वर्कडे.इंटल’ हे भावंड वापरून सुट्टी फक्त रविवारची सांगायची आणि दुसरे-चौथे शनिवार सुट्ट्यांच्या यादीत टाकायचे.

चौथ्या जातीपुढे मात्र शीट हात टेकतं. विनोबा गेले तो १५ नोव्हेंबर १९८२ हा दिवस दिवाळीतल्या लक्ष्मीपूजनाचा होता, आश्विन अमावास्या. तारखेने पुण्यतिथी पाळणाऱ्याला ईडेट पुरेसं आहे. घरातल्या कुणाचं श्राद्ध किंवा गावची यात्रा तिथीने करणाऱ्याला ते निरुपयोगी. लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला, २०२५ ला २१ ऑक्टोबरला. अंतर ३५५ दिवस, मग ३५४. इथवर पाहून कुणी ‘दरवर्षी अकरा दिवस अलीकडे’ असा फॉर्म्युला लिहील, तर २०२६ मध्ये तो तोंडघशी पडतो: त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे तब्बल ३८३ दिवसांनी. चांद्र महिन्यांचा सूर्याच्या वर्षाशी मेळ घालायला साधारण पावणेतीन वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो. शिवाय तिथी सूर्योदयाला कोणती होती, प्रदोषकाळी कोणती होती, यावर सणाचा दिवस ठरतो. चंद्र-सूर्याचं एवढं गणित शीटच्या एका सेलमध्ये मावत नाही, आणि मावलं तरी पंचांगकर्त्यांचा निर्णय त्यात येत नाही.

तेव्हा तिथीच्या तारखांसाठी सरळ वेगळं शीट करावं. डाव्या कॉलममध्ये वर्ष, उजवीकडे त्या वर्षीची तारीख, आणि ती भरायची पंचांग समोर ठेवून, हाताने. मुख्य शीटमध्ये ‘व्हीलुकअप’ किंवा ‘एक्सलुकअप’ त्या वर्षापुढची तारीख उचलून आणतं. नवं पंचांग आलं की वर्षाला एक ओळ वाढवायची. व्हीलुकअपच्या शेवटी ‘फॉल्स’ लिहायला मात्र विसरू नका. नाही तर ज्या वर्षाची ओळ भरायची राहिली आहे, त्या वर्षाला ते बिनदिक्कत आदल्या वर्षाची तारीख लावून देतं.